खिडकीवरचा कारकून आणि गोदामांतला शिपाई

संगणकावर काम करणाऱ्या माणसास एक अनुभव हटकून येतो. हिशेबाचा तक्ता पुरा होत आलेला असतो, किंवा घरांतील लग्नकार्याचीं शेंकडों छायाचित्रें एका ठिकाणीं गोळा करून त्यांतील चांगलीं निवडण्याचें काम चाललेलें असतें. अशा वेळीं पडद्यावरील एखादें बटण दाबावें, आणि एकाएकीं सारें चित्र गोठून जावें! माऊसचा बाण हलतो. पण ज्या खिडकींत काम चाललें होतें ती खिडकी कांहीं केल्या हालत नाहीं. बटण पुन्हां दाबलें, दहा वेळां दाबलें, तरी ती ढिम्मच. थोड्या वेळानें ती पांढुरकी होते, ती प्रतिसाद देत नाहीं अशा अर्थाचे शब्द तिच्या माथ्यावर उमटतात, आणि ती बंद करावयाची काय, असा प्रश्न यंत्रच विचारूं लागतें. वैतागलेला माणूस होकार देतो. मग ध्यानांत येतें कीं, तासाभराचें काम जतन केलेलें नव्हतें, तें गेलें.

या प्रसंगांतील दुःखाची गोष्ट अशी कीं, त्या वेळीं यंत्र बहुधा झोंपलेलें नसतें. तें काम करीत असतें, आणि पुष्कळदां नेमून दिलेलें कामच मन लावून करीत असतें. आणखी अर्धें मिनिट धीर धरला असता तर तें पुरेंहि झालें असतें. चूक असते ती आज्ञावली लिहिणाऱ्यानें कामाची वांटणी कशी केली यांत. ही वांटणी म्हणजे काय, ती चुकली असतां काय होतें, आणि ती नीट राखण्यास कोणते नियम पाळावे लागतात, याचा विचार येथें करावयाचा आहे.

त्यासाठीं पोस्टाच्या कचेरींतील एक खिडकी डोळ्यांपुढें आणावी. खिडकीमागें एकच कारकून बसलेला आहे. समोर लोकांची रांग आहे. कोणास पाकीट हवें, कोणास तिकिटें हवीं, कोणास पिनकोड विचारावयाचा आहे. कारकून एकेकाचें काम क्षणार्धांत उरकतो आणि पुढच्यास हांक मारतो. रांग सरकत राहते. कोणाची तक्रार नसते. इतक्यांत एक गृहस्थ येऊन सांगतात कीं, त्यांचें एक पार्सल मागेंच आलेलें असून गोदामांत कोठें तरी पडलें आहे, तें शोधून द्यावें. कारकून मोठा भिडस्त. तो जागेवरून उठतो आणि स्वतःच गोदामांत शिरतो. पार्सल सांपडण्यास अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ खिडकी रिकामी राहते. रांगेंतील लोक काच ठोठावतात, आरडाओरडा करतात, आणि कचेरी बंद पडली असें समजून घरोघर जातात. कारकून मात्र आंत घाम गाळीत असतो!

संगणकाच्या पडद्यावरील खिडकीमागेंहि असाच एक कारकून असतो. त्यास धागा, म्हणजे थ्रेड, असें म्हणतात. आज्ञावलींतील सूचना एकामागून एक पाळीत जाणारा कामाचा जो एक अखंड ओघ, तो धागा. माऊस हलला, कळ दाबली गेली, एका खिडकीखालीं झांकलेली दुसरी खिडकी उघडी पडल्यामुळें तिचें चित्र पुन्हां काढावयास हवें, अशा प्रत्येक गोष्टीचा एक निरोप तयार होतो आणि रांगेंत जाऊन उभा राहतो. खिडकीचा धागा रांगेंतला पहिला निरोप उचलतो, त्याची वासलात लावतो, आणि दुसरा उचलतो. आज्ञावली चालूं असेपर्यंत हें रहाटगाडगें फिरत असतें. रांग रिकामी असेल तेव्हां तो स्वस्थ बसतो, पण बसतो तो कान टवकारून. खिडकी जिवंत वाटते ती केवळ या रहाटगाडग्याच्या बळावर. बटण दाबतांच तें आंत गेल्यासारखें दिसतें, तेंहि धागा तें चित्र त्या क्षणीं नव्यानें काढतो म्हणून.

आतां समजा, एका बटणाच्या निरोपांत दहा हजार छायाचित्रें उघडून त्यांच्या लहान प्रती करण्याचें काम सांगितलेलें आहे, आणि तें काम खिडकीच्या धाग्यानेंच अंगावर घेतलें. मग भिडस्त कारकुनासारखी त्याची अवस्था होते. मागचे सारे निरोप तुंबतात. 'रद्द करा' हें बटण दाबलें तरी त्याचाहि निरोप त्याच रांगेंत मागें उभा राहतो. म्हणजे काम थांबविण्याची आज्ञा तें काम संपल्यावरच वाचली जाते! विंडोज या प्रणालींत असा संकेत आहे कीं, खिडकीच्या धाग्यानें ५ सेकंदपर्यंत रांगेकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, तर ती खिडकी प्रतिसाद देत नाहीं असें समजावें. मग प्रणाली त्या खिडकीच्या जागीं हुबेहूब तिच्याच आकाराची एक नकली खिडकी उभी करते. ती हलवितां येते, लहानमोठी करतां येते, बंद करतां येते. याहून अधिक कांहीं तिला साधत नाहीं. या नकली खिडकीस तंत्रज्ञ भुताची खिडकी असेंच म्हणतात. पांढुरका पडलेला जो आकार वैतागलेला माणूस पाहत असतो, तें हें भूत असतें. मूळची खिडकी त्याच्या आड राबत असते.

पांच सेकंद म्हणजे कांहीं फार काळ नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्रासमोर बसलेल्या माणसाचा धीर निराळ्या मापानें मोजावा लागतो. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार रॉबर्ट मिलर यांनीं १९६८ सालीं एका निबंधांत केला, आणि याकोब नील्सन यांनीं १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांतून तीन मर्यादा सांगितल्या. उत्तर ०.१ सेकंदाच्या आंत आलें, तर तें आपल्याच हाताने घडलें असें माणसास वाटतें. १ सेकंदपर्यंत विलंब जाणवतो, पण विचारांची सांखळी तुटत नाहीं. १० सेकंदांच्या पलीकडे मात्र लक्ष उडून जातें; मग काम किती झालें व किती उरलें, हें दाखविल्यावांचून गत्यंतर नसतें. शिवाय, सामान्यतः संगणकाचा पडदा एका सेकंदांत ६० वेळां नव्यानें रंगविला जातो. चित्र अडखळूं द्यावयाचें नसेल, तर खिडकीच्या धाग्यानें कोणतेंहि काम सुमारें १६ सहस्रांश सेकंदांत हातावेगळें करून रांगेकडे परतावयास हवें. कारकुनाच्या हातीं वेळ आहे तो इतकाच!

या अडचणीचा इतिहासहि पाहण्यासारखा आहे. १९८४ सालीं मॅकिंटॉश हा संगणक आणि १९८५ सालीं विंडोजची पहिली आवृत्ति बाजारांत आली. त्या काळीं प्रणालीचा सारा भर सहकारावर असे. एका आज्ञावलीनें आपण होऊन मार्ग मोकळा केला, तरच दुसरीस पाळी मिळे. १९९२ सालच्या विंडोज ३.१ पर्यंत हीच रीत होती. आणि म्हणून एक आज्ञावली अडून बसली कीं सारा संगणक अडून बसे, व पडद्यावर वाळूच्या घड्याळाचें चित्र पाहत राहण्यापलीकडे कोणाचा उपाय चालत नसे. १९९३ सालीं विंडोज एनटी व १९९५ सालीं विंडोज ९५ आल्या, आणि पाळी सक्तीनें बदलण्याचा अधिकार प्रणालीनें आपल्या हातीं घेतला. मॅकिंटॉशच्या घरीं ही सुधारणा २००१ सालीं नव्या प्रणालीबरोबर पुरतेपणीं आली. तेव्हांपासून एका आज्ञावलीच्या हट्टापायीं शेजारणी अडून पडत नाहींत. परंतु एका आज्ञावलीच्या आंत जर एकच धागा असेल, तर तिची स्वतःची खिडकी या सुधारणेनें वांचत नाहीं. कचेरींत दहा खिडक्या झाल्या. पण ज्या खिडकीचा कारकून गोदामांत गेला तेथील लोक उभेच राहणार! त्यावर उपाय त्या खिडकीपुरताच योजावा लागतो.

तो उपाय साधा आहे. कारकुनानें जागा सोडूं नये. त्याच्या हाताखालीं एक शिपाई द्यावा. पार्सलाची मागणी आली कीं कारकून एका कागदावर तिचा तपशील लिहितो, कागद शिपायाच्या हातीं देतो, त्या गृहस्थांना बाजूस बसण्यास सांगतो, आणि पुढच्यास हांक मारतो. शिपाई सावकाश गोदाम धुंडाळतो. संगणकांत या शिपायास पार्श्वभागींचा धागा म्हणतात. फाइली वाचणें, दूरच्या यंत्राकडून मजकूर मागविणें, मोठालीं गणितें करणें, छपाईची तयारी करणें हीं सारीं कामें त्याच्याकडे द्यावयाचीं, आणि खिडकीच्या धाग्यानें केवळ लोकांकडे पाहावयाचें. येथपर्यंत कोणासहि हें पटेल. खरी कसोटी पुढें आहे. शिपाई नेमणें सोपें, पण त्याला शिस्त लावणें कठीण.

पहिली शिस्त अशी कीं, शिपायानें कारकुनाच्या वहीस हात लावतां कामा नये. याचें कारण एका उदाहरणानें उघड होईल. वहींत एका खात्यावर १०० रुपये शिल्लक आहे. दोन माणसें एकाच वेळीं ती वही पाहतात. दोघांनाहि त्या खात्यांत प्रत्येकीं ५० रुपये जमा करावयाचे आहेत. पहिला १०० हा आंकडा मनांत धरतो. दुसराहि १०० हाच धरतो. पहिला बेरीज करून १५० लिहितो. दुसराहि आपली बेरीज करून तेथेंच १५० लिहितो. खरी शिल्लक २०० व्हावयास हवी होती. ५० रुपये हवेंत विरले. दोघांपैकीं कोणाचीहि बेरीज चुकलेली नाहीं. दोन धागे एकाच स्मृतिस्थानास असे हात लावूं लागले म्हणजे हाच प्रकार घडतो, आणि तो शोधणें महाकठीण. कारण दोघे नेमके एकाच क्षणीं वहीवर आले तरच चूक होते. आज्ञावली शंभर वेळां चालवून पाहिली तरी बरोबर चालते, आणि एकशें एकाव्या वेळीं ग्राहकाच्या घरीं कोलमडते.

यावर कोणी असें सुचवील कीं, वहीला कुलूप लावावें. ज्याच्या हातीं किल्ली असेल त्यानेंच लिहावें, दुसऱ्यानें थांबावें. ही सूचना शास्त्रशुद्ध आहे. एडस्गर डायक्स्ट्रा या डच पंडितांनीं १९६५ सालींच अशा परस्पर-प्रतिबंधाची मीमांसा केली होती, आणि कुलुपें आजहि सर्वत्र वापरांत आहेत. परंतु खिडक्यांच्या बाबतींत तीं दगा देतात. जावा या भाषेबरोबर १९९६ सालीं खिडक्या काढण्याचा जो पहिला संच आला, त्यास कोणत्याहि धाग्यानें हात लावावा व कांहीं बिघडूं नये, अशी त्याच्या कर्त्यांची उमेद होती. ती फलद्रूप झाली नाहीं. १९९८ सालीं स्विंग नांवाचा दुसरा संच आला, तेव्हां ती उमेद सोडून देण्यांत आली आणि एकाच धाग्याचा कडक नियम घालण्यांत आला. असें कां व्हावें, याचें उत्तर सन कंपनीचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनीं २००४ सालीं एका लेखांत दिलें. खिडकीच्या रचनेंत दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनीं वाहत असतात. माऊसचा निरोप खालून वर येतो: आधीं प्रणाली, मग खिडक्यांचा संच, मग आज्ञावली. आज्ञावलीचा हुकूम वरून खालीं जातो: आधीं आज्ञावली, मग संच, मग प्रणाली. दोन्ही प्रवाह वाटेंत एकेक कुलूप घेत चालले, तर एकाच्या हातीं खालची किल्ली व दुसऱ्याच्या हातीं वरची, अशी गांठ पडते. अरुंद जिन्यावर दोन जड पेटारे समोरासमोर आले म्हणजे होतें तसेंच हें. कोणीच मागें सरत नाहीं, आणि दोघेहि कायमचे अडकतात.

म्हणून जवळजवळ सर्व प्रचलित संचांनीं एकच तोडगा पत्करला आहे: खिडकीस हात लावील तो खिडकीचाच धागा, इतरांनीं चिठ्ठी लिहून ती त्याच्या रांगेंत ठेवावी. शिपाई पार्सल घेऊन येतो, वहींत स्वतः कांहीं लिहीत नाहीं, 'अमुक पार्सल सांपडलें' अशी चिठ्ठी तबकांत ठेवतो. कारकून आपल्या क्रमानें ती उचलतो आणि वहींत नोंद करतो. दोघांचे हात एकाच पानावर कधींच येत नाहींत, म्हणून कुलुपाची गरजच उरत नाहीं. स्विंगमध्यें या चिठ्ठीस 'इन्व्होक-लेटर', म्हणजे 'सवडीनें करा', असें नांव आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्यें २००५ सालीं 'बॅकग्राउंड-वर्कर' नांवाचा तयार शिपाईच देण्यांत आला. जावानेंहि २००६ सालीं 'स्विंग-वर्कर' असा शिपाई आपल्या मूळ संचांत घेतला. ॲपलनें २००९ सालीं कामांच्या रांगा सांभाळण्याची व्यवस्था प्रणालींतच केली. पुढें २०१२ सालीं सी-शार्प या भाषेंत अशी सोय झाली कीं, लिहिणाऱ्यानें सरळ ओळीनें लिहावें, थांबण्याच्या जागीं 'अवेट' एवढा शब्द घालावा, आणि चिठ्ठ्यांची ने-आण भाषेनेंच पाहावी. नांवें निरनिराळीं आहेत. नियम मात्र तोच आहे.

दुसरी शिस्त कारकुनासाठीं आहे. शिपायास कामावर धाडल्यानंतर कारकुनानें त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसूं नये. बसल्यास शिपाई नेमण्याचा उपयोगच काय? पण याहून मोठी आपत्ति पुढें असते. समजा, शिपाई परत आला, आणि आपली चिठ्ठी कारकुनानें हातीं घेईपर्यंत हलावयाचें नाहीं असें त्यास सांगितलेलें आहे. इकडे कारकूनहि 'शिपाई मोकळा होईपर्यंत एकहि चिठ्ठी उचलणार नाहीं' म्हणून हट्टानें बसला आहे. आतां कारकून शिपायासाठीं थांबला आहे आणि शिपाई कारकुनासाठीं. दोघेहि आज्ञाधारक, दोघेहि निर्दोष, आणि कचेरी सायंकाळपर्यंत ठप्प! कोंडी ती हीच. नवशिके आज्ञावलीकार या खड्ड्यांत वारंवार पडतात. तिच्यांतून सुटण्याचा मार्ग असा कीं, चिठ्ठी ठेवून शिपायानें चालूं लागावें, आणि कारकुनानें चिठ्ठी आली म्हणजेच तिचा विचार करावा.

तिसरी शिस्त काम रद्द करण्याची. रांगेंतले गृहस्थ कंटाळून म्हणतात, 'राहूं द्या तें पार्सल.' शिपाई गोदामांत आहे. त्यास मानगुटीस धरून ओढून आणावा काय? तसें केल्यास गोदामाचें दार उघडें राहील, अर्धवट हलविलेलीं पार्सलें वाटेंत पडतील, आणि किल्ली त्याच्या खिशांतच राहिल्यामुळें पुढच्या शिपायास आंत जातां येणार नाहीं. धागा बळजबरीनें मारून टाकला असतां संगणकांत अगदीं हेंच होतें. फाइल अर्धवट लिहिलेली राहते, आणि घेतलेलें कुलूप एक तर कोणीच उघडत नाहीं, किंवा आंतील पसारा तसाच असतांना उघडलें जातें. जावांत धागा एकदम थांबविण्याची जी आज्ञा होती ती धोक्याची ठरवून १९९८ सालींच तिचा वापर न करण्याविषयीं सांगण्यांत आलें, आणि २०२३ सालच्या विसाव्या आवृत्तींत तर ती चालेनाशीच करण्यांत आली. योग्य रीत अशी कीं, भिंतीवर एक लाल फलक लावावा. शिपायानें दर कपाट तपासून झाल्यावर मान वर करून फलकाकडे पाहावें. तो दिसतांच हातांतलें पार्सल जागीं ठेवावें, दार लावावें, किल्ली खुंटीस अडकवावी, आणि परत यावें. डॉटनेटमध्यें २०१० सालापासून या फलकाची रीतसर योजना आहे. अर्थात् दोन वेळां मान वर करण्यामध्यें फार अंतर पडलें, तर 'रद्द करा' हें बटण केवळ शोभेचें होतें.

आणखी कांहीं गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील. दर कामास नवा शिपाई नेमूं नये. प्रत्येक धाग्याचा खर्च असतो. विंडोजमध्यें सामान्यतः एकेका धाग्यासाठीं १ मेगाबाइट जागा राखून ठेवली जाते. म्हणून चार-आठ कायमचे शिपाई ठेवावे आणि कामें त्यांच्यांत वांटावीं. शिपायानें प्रगतीचा निरोप धाडावा, पण दर पार्सलामागें धाडूं नये. एका सेकंदांत हजारों चिठ्ठ्या येऊं लागल्या, तर कारकून त्या वाचण्यांतच बुडून जाईल आणि खिडकी पुन्हां गोठेल. गोदामांत शिपायास अपघात झाला, तर त्याचीहि चिठ्ठी आली पाहिजे. नाहीं तर बाहेर बसलेले गृहस्थ जन्मभर वाट पाहतील. शिपाई परत येईपर्यंत ते गृहस्थ उठून गेले असतील, तर त्यांचें पार्सल त्यांच्या जागीं येऊन बसलेल्या दुसऱ्याच्या हातीं पडूं नये. शोधाच्या चौकटींत आधीं 'पुणें' लिहून मग तें खोडून 'नाशिक' लिहिलें, आणि पुण्याचें उत्तर उशिरां येऊन नाशिकच्या नांवाखालीं उमटलें, हा याच जातीचा गोंधळ. यासाठीं प्रत्येक कामास क्रमांक द्यावा आणि शेवटच्या क्रमांकाचें उत्तर तेवढें स्वीकारावें.

कचेरी बंद करतांनाहि शिपायाची आठवण ठेवावी लागते. डॉटनेट व जावा या दोन्ही ठिकाणीं धाग्यांच्या दोन जाती मानल्या आहेत. एका जातीचा धागा चालूं असेपर्यंत आज्ञावली संपत नाहीं. म्हणून कधीं कधीं खिडकी मिटली तरी आज्ञावली अदृश्य रूपानें चालूंच राहते. दुसऱ्या जातीचे धागे आज्ञावलीबरोबर जागच्या जागीं नाहींसे होतात. त्यांच्या हातीं फाइल लिहिण्याचें काम असेल तर ती अर्धवट राहते. पहिल्यांत दाराला कुलूप लागत नाहीं. दुसऱ्यांत शिपाई आंत असतांनाच तें लागतें. सुज्ञ आज्ञावलीकार आधीं लाल फलक लावतो, शिपाई बाहेर आल्याची खात्री करतो, आणि मगच दिवे मालवतो.

हा सारा खटाटोप घटकाभराच्या गैरसोयीसाठीं आहे, असें मात्र कोणी समजूं नये. पडद्यावर एक दिसावें आणि पडद्यामागें दुसरेंच चालावें, ही गोष्ट प्राणावर बेतूं शकते, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. कॅनडाच्या अणुशक्ति कंपनीनें 'थेरॅक-२५' नांवाचें कर्करोगावरील किरणोपचाराचें यंत्र तयार केलें होतें. अशीं अकरा यंत्रें अमेरिकेंत व कॅनडांत बसविलीं गेलीं. १९८५ ते १९८७ या काळांत त्यांवर सहा अपघात झाले. त्यांत रुग्णांना भयंकर प्रमाणांत किरण बसले आणि कांहीं दगावले. यंत्राच्या संगणकांत निरनिराळीं कामें एकाच वेळीं चालत: एक काम पडद्यावरील मजकुराकडे पाही, दुसरें चुंबकें बसवी. चुंबकें बसण्यास सुमारें ८ सेकंद लागत. मार्च १९८६ मध्यें टेक्सास राज्यांतील टायलर येथें यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं चुकून एका प्रकारच्या किरणांऐवजीं दुसऱ्याचें अक्षर दाबलें. चूक ध्यानांत येतांच त्यांनीं सराईत हातानें तें अक्षर दुरुस्त केलें. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण चुंबकें बसविणारें काम त्या आठ सेकंदांत तिकडे पाहतच नव्हतें, आणि दोन कामांमधील सामायिक खुणेची व्यवस्था सदोष होती. पडद्यावर बरोबर अक्षर, आणि यंत्र मात्र धड पहिल्या मांडणींतहि नाहीं व दुसऱ्या मांडणींतहि नाहीं! ठरलेली मात्रा १८० रॅड होती. त्या रुग्णास क्षणभरांत १६,५०० ते २५,००० रॅड बसले असावे, असा अंदाज पुढें करण्यांत आला. पांच महिन्यांनीं त्याचा अंत झाला. तीनच आठवड्यांनीं, एप्रिलमध्यें, त्याच ठिकाणीं दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला आणि तोहि वांचला नाहीं. सावकाश दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून ही चूक कधीं उघडकीस येत नसे. हात जलद बसला तेव्हांच ती जागी झाली. त्या बाईंनीं व रुग्णालयांतील भौतिकशास्त्रज्ञांनीं पुनःपुन्हां तशाच जलद गतीनें टंकन करून पाहिलें, तेव्हां कोठें दोष हातीं लागला.

घरच्या संगणकावर अशी आपत्ति येत नाहीं, हें खरें. तेथें जातें तें तासाभराचें लिखाण, किंवा मुलांच्या छायाचित्रांची एखादी फाइल. तरीहि खिडकीमागें काय चालतें हें ठाऊक असलेला माणूस थोडें निराळें वागेल. खिडकी गोठली म्हणजे तो बटणावर बटण दाबणार नाहीं. कारण प्रत्येक दाब रांगेंत उभा राहतो आणि धागा मोकळा होतांच एकदम अंमलांत येऊं शकतो. छपाईचें बटण सहा वेळां दाबणाऱ्यास सहा प्रती मिळाल्या तर त्यांत नवल नाहीं. तो भुताच्या खिडकीस लगेच होकार न देतां चार मिनिटें थांबेल, कारण आंत कारकून बहुधा राबत असतो. काम आरंभण्यापूर्वीं तो आपलें लिखाण जतन करील. आणि नवी आज्ञावली विकत घेतांना तिच्या रंगरूपाइतकेंच एका गोष्टीकडे तो लक्ष देईल: मोठें काम चाललें असतां तिची खिडकी हलते काय, काम किती झालें हें ती सांगते काय, आणि 'रद्द करा' म्हटल्यावर ती खरोखर थांबते काय. या तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें, तर खिडकीवरचा कारकून जागेवर आहे आणि गोदामांतला शिपाई शिस्तीचा आहे, असें खुशाल समजावें.